अड्याळच्या बारशातलं इटालियन सूप

तुमसरच्या राइस मिलमध्ये कारकुनी करणाऱ्या घनश्यामरावांनी १९७९च्या मे महिन्यात एक छोटासा निश्चय केला. सासऱ्याच्या तोंडून एकदा तरी आपलं कौतुक काढून घ्यायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मारोतरावांच्या लेखी ते नुसते 'तुमसरवाले'. धाकटे जावई मात्र 'आमचे हिरालालजी'. (हिरालालजींनी टेपरेकॉर्डर आणला होता. टेपरेकॉर्डरवाल्याला नाव असतं.)

हिरालालजींच्या मुलाचं बारसं अड्याळला, सासऱ्याच्या घरी निघालं. साठ माणसं. घनश्यामरावांनी दाताच्या दवाखान्यातल्या मासिकातून 'मॅकरोनी घातलेलं इटालियन सूप' फाडून आणलं. कृती चार जणांची. त्यांनी ती पंधरानं गुणली. लसूणसुद्धा.

"अजी, तुमाले च्या करता येत नाही," बायको चंद्रकला म्हणाली, "नि साठ मानसाचं काय करून राहिले?"

"सूप. इटलीतलं!"

"मंग इटलीतच करा नं. माह्या बापाच्या दारात काहून?"

(पुरुषाला चूल आठवते ती नेहमी साठ माणसांसाठी. दोन माणसांचं पिठलं त्याला कधीच आठवत नाही.)

नागपूरहून चार किलो मॅकरोनी आली. बारशाच्या दिवशी अंगणात तीन दगडांवर मोठा गंज चढला. टमाटर, कांदे, वाल, लसूण. घनश्यामराव तीन तास झारा फिरवत घामानं निथळले. रंग लालभडक आला. शेवटी मॅकरोनी सोडून ते मदतीला बोलावलेल्या मंगरूला म्हणाले, "दहा मिनिटं फक्त लक्ष ठेव," आणि सदरा घालायला आत गेले. (कौतुक बनियनवर झेलता येत नाही.)

आता मंगरू म्हणजे चाळीस वर्षं लग्नाकार्यात भात शिजवणारा माणूस. त्यानं झाकण काढलं. खाली सगळं छान शिजलेलं, आणि वर वीतभर पाणी! त्याला जावयाची कीव आली. धानाच्या मुलखात अशा वेळी माणूस एकच गोष्ट करतो. पसवतो.

घनश्यामराव बाहेर आले तेव्हा सगळा ऐवज गाळून बांबूच्या टोपलीत होता आणि शेवटची लाल धार म्हशीच्या घमेल्यात पडत होती.

"मंगरू! हे काय केलंस?"

"पसवलं जी. पानी लय झालतं. मी होतो म्हनून वाचलं, नाही त पार गिचका झाला असता."

"अरे, ते पाणी म्हणजेच तर..."

"पेज वाया नाही गेली जी. म्हस पिऊन राहिली."

म्हैस खरंच पीत होती, डोळे मिटून. अकरा वर्षांत त्या घरी घनश्यामरावांना एवढी दाद कुणी दिली नव्हती. ते ओट्यावर बसले ते बसलेच. तुमसरची बस निघून गेली होती. विहीर होती, पण उन्हाळ्यात तिला गुडघाभरच पाणी.

एवढ्यात सासूबाई देवकाबाई आल्या. टोपलीतली एक नळी उचलून त्यांनी डोळ्यांपुढे धरली.

"अवो माय! हे त सरगुंडे होत!"

कणकेची पट्टी काडीवर गुंडाळून पोकळ सरगुंडे वाळवायचे आणि आमरसाशी खायचे, हे तिथं पोरीबाळींनाही येतं.

"जवाईबापू, इकत कायले आनले? घरी डबाभर होते."

बायकांनी बसल्या बसल्या वाल नि कांदे वेचून काढले. दोन बादल्या पाणी ओतून इटली धुतली. पंगतीचा आमरस तयारच होता. पंगत बसली. मारोतरावांनी पहिला घास घेतला.

"एकसारखे झाले सरगुंडे. चंद्रकलेचा हात दिसते."

चंद्रकलेनं नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या घासाला मारोतरावांचं कपाळ आकसलं. "पन याच्यात लसून कोनं टाकला?"

साठ डावे हात एकदम उठले आणि एकाच दिशेला वळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यानं जावयाला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मारोतराव स्वतः बसपर्यंत आले. कंडक्टरला म्हणाले, "यायले समोर बसवा जी. हे आमचे लसूनवाले."