हिरवा तुरा आणि एल्फ्रिडाकाकूंची चूल

जुनं आधी जातं, नवं नंतर येतं, आणि मधल्या थंडीला धोरण म्हणतात. पोलंडच्या सायलेशिया भागातल्या व्रोनोव्हा गावाचं धोरण दोनशे अठरा पानांचं होतं, त्यामुळे थंडीही तशीच ऐसपैस होती.

गावची कोळशाची खाण वसंतात बंद झाली आणि पाठोपाठ 'स्वच्छ व सुरक्षित ऊर्जा संक्रमण समिती' स्थापन झाली. समितीनं निधी अतिशय विचारपूर्वक वाटला: ४१ टक्के धोरण लिहायला, ३७ टक्के ते लोकांना समजावून सांगायला, १९ टक्के तुऱ्यांना आणि उरलेले ३ टक्के उष्णतेला. (उष्णता आपोआप वर जाते, हे शास्त्र आहे. म्हणून तिला यादीत तळाशी ठेवलं.)

तुऱ्यांचं कुणालाच नवल वाटलं नाही. चार डिसेंबरला, खाणकामगारांना सांभाळणाऱ्या संत बार्बराच्या सणाला, खाणीची माणसं काळ्या गणवेशात, तुरेवाल्या टोप्या घालून मिरवतात. कामगाराचा तुरा काळा, साहेबाचा पांढरा, बँडवाल्याचा लाल. मग संक्रमणाला हिरवा नको? हिरवा तुरा काळ्याच्या पुढे चालणार की मागे, यावर अकरा बैठका झाल्या. सौरऊर्जेवरही एक झाली, पण त्या दिवशी ढग होते.

एल्फ्रिडा कुबिका या सगळ्याच्या मनापासून बाजूनं होत्या. एकतीस वर्षं त्यांनी खाणीच्या दिवाघरात कामगारांना दिवे दिले आणि मोजून परत घेतले. कोळसा छातीचं काय करतो, ते त्यांनी नवऱ्याच्या खोकल्यात ऐकलं होतं. म्हणून सप्टेंबरच्या जाहीर सभेत त्या शहाण्या मुलीसारख्या शेवटपर्यंत गप्प बसल्या. नियम चौदा त्यांना नंतर कळला: 'जो धोरण शेवटपर्यंत ऐकतो व हरकत घेत नाही, त्याची संमती गृहीत धरली जाईल.' सोमवारी गाडी आली आणि काकूंची लोखंडी चूल घेऊन गेली. सोबत कोठीतला कोळसाही. बदल्यात विजेवर घर तापवणारा पंप मिळणार होता, चौथ्या टप्प्यात. पहिला टप्पा तुऱ्यांचा होता.

डिसेंबरात स्वयंपाकघरातलं पाणी गोठलं. सणाला लेक पहिल्यांदाच बाळाला घेऊन येणार होती. तिचा फोन आला, "आई, घर गरम नसेल तर तीन महिन्यांच्या पोराला कशी आणू गं?"

"तू ये," काकू म्हणाल्या. "ऊब मी शोधते."

चार तारखेला सकाळी त्या समितीच्या कार्यालयात शिरल्या आणि दारातच थबकल्या. आत छान ऊब होती. कोपऱ्यात चूल धडधडत होती, आणि तिच्या डाव्या कडेचा टवका उडालेला होता. तो नवऱ्याच्याच हातून हातोडा पडून उडाला होता.

"जोआखिम, ही माझी चूल आहे!"

जोआखिम ब्रोल, समितीचा सचिव, वीस वर्षं काकूंकडून दिवा घेऊन खाली उतरला होता. आता डोक्यावर हिरवा तुरा. "चूल नाही म्हणायचं, काकू. संक्रमणकालीन उष्णता सुविधा. बोटं गारठली तर धोरण कोण लिहिणार?"

"आणि कोळसा माझ्या कोठीतला?"

"गावातला कोळसा संपवायचाय ना? मग जाळूनच संपवतोय. जमेल तितक्या वेगानं."

"लेका, दिवा परत केल्याशिवाय तुला मी कधी घरी सोडलं होतं का?"

जोआखिमनं नजर फायलीत घातली. काकू गेल्या आणि तासाभरानं परतल्या: एका हातात पातेलं, मागे लेक, लेकीच्या कुशीत बाळ. पातेलं चुलीवर चढलं.

"काकू, इथे स्वयंपाकाला मनाई आहे."

"स्वयंपाक कोण करतंय? मी जनतेशी सल्लामसलत करतेय. मीठ दे इकडे."

मधोमध खळगा पाडलेले बटाट्याचे गोळे उकळले. समितीचे सगळे अकरा सदस्य दोनदा वाढून घेऊन जेवले. बाळ जोआखिमच्या उलट्या टोपीत झोपलं, हिरवा तुरा मुठीत धरून.

त्याच दुपारी अहवाल झाला: 'लाभार्थी क्र. १, एल्फ्रिडा कुबिका. उष्णता पोहोचली. उद्दिष्ट १०० टक्के साध्य. सबब चौथा टप्पा रद्द.'

कार्यालय पाचला बंद होतं. पाच वाजता जोआखिमनं टोपी हळूच रिकामी करून मागून घेतली आणि दाराला कुलूप लावलं. बाहेर उणे नऊ होतं.

यात काही चुकलं असं वाटत असेल, तर हरकतीची सोय होती. पण आपण शेवटपर्यंत वाचलंत, मध्ये एका शब्दानं बोलला नाहीत, तुऱ्यांपाशी तर हसलातही. नियम चौदा सर्वांना सारखा आहे. सोमवारी घरीच थांबा. गाडी सकाळी येते.