बॉनेटखालची टापटीप

बॉनेट काही उघडेना. धाकट्यानं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, कडेला बोटं घालून पाहिलं, शेवटी शेजाऱ्याच्या दारावर मारावी तशी वरून थाप मारली. ओळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तशी गाडी त्याच्याकडे थंडपणे पाहत राहिली.

“खटका असेल कुठेतरी,” थोरली म्हणाली.

“होता. बाबांनी काढून टाकला. तिथं आता साधं भोकसुद्धा नाही.”

बाबांच्या या जुन्या गाडीवर आता भोक, मूठ, खाच असं काहीच शिल्लक नव्हतं. गेली काही वर्षं त्यांना एकच ध्यास लागला होता. बॉनेट उघडल्यावर खाली पसारा दिसता कामा नये. वायर दिसायला नको, नळी नको, डबा नको, स्क्रूचं डोकंसुद्धा नको. बॅटरी डिकीत गेली. पाण्याचा डबा चाकावरच्या पत्र्याआड गेला. वायरी सीटखालून, गालिच्याखालून, देव जाणे कुठून कुठून गेल्या. ज्या माणसाचं कपाट उघडलं की शर्ट अंगावर कोसळत, त्या माणसाची ही टापटीप. “पुरं होऊ दे, मग दाखवतो,” असं म्हणत त्यांनी ते कुणालाच दाखवलं नाही, आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी न दाखवताच गेले.

मग प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. ‘बॉनेटखालची टापटीप’ या गटात बाबांनी नाव नोंदवून ठेवलं होतं. “ते आता नाहीत,” असं सांगायला थोरलीनं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “हो, येतो आम्ही.” बक्षिसाचं तिला काही नव्हतं. त्यांनी इतकी वर्षं काय केलं, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

प्रदर्शन उद्यावर आलं आणि बॉनेट उघडेना.

शेवटी गॅरेजवाल्या काकांना बोलावलं. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. पण बाबांनी आत लावलेल्या ताज्या रंगावर त्यांनी एकदा तेलकट पाना ठेवला, तेव्हापासून त्यांनाही गाडीजवळ मज्जाव होता. पाना उचलला तरी मैत्रीवर डाग राहिला, असं ते स्वतःच सांगत.

“खटका विजेचा असणार,” काका म्हणाले. “आत कुठंतरी बटण लपवलंय. दिसेल ते दाबा.”

मग दिसेल ते दाबणं सुरू झालं. रेडिओचं बटण फिरवलं तर वायपर चालू झाला. वायपरचं बटण दाबलं तर मागची काच खाली गेली. काच वर करायला गेले तर डिकी उघडली. सिगारेटची राख टाकायचा खण बाहेर ओढल्यावर हॉर्न वाजला, आणि खण आत ढकलला तरी वाजतच राहिला. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली.

“कुणाचं लग्न आहे का?” तिनं विचारलं.

“बॉनेट उघडतोय,” धाकटा ओरडून म्हणाला.

“हॉर्ननं?”

काकांनी डिकीतल्या बॅटरीची एक वायर काढली तेव्हा कुठे शांतता झाली. त्यांनी ती पुन्हा जोडली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू होईना. खर्र नाही, टक् नाही.

“बॅटरी तर ठणठणीत आहे,” काका डोकं खाजवत म्हणाले. “या माणसानं आवाजसुद्धा लपवून ठेवलाय.”

आई दारात उभी राहून हे पाहत होती. “जन्मभर स्वतःचा चष्मा सापडला नाही यांना,” ती म्हणाली, “आणि यांनी लपवलेलं आता आपण शोधायचं.”

ते खरंच होतं. जुना चष्मा थंडीत हरवला तो हरवलाच. अख्खं घर पालथं घातलं होतं. फक्त त्यांच्या खोलीतलं ते बुटकं टेबल कुणाच्यानं हललं नव्हतं. आई बहिणीकडे गेली असताना बाबांनी कुठूनसं आणून ठेवलेलं, वर चादर, चादरीवर फळी. आईनं फळीवर तिच्या कुंड्या मांडल्या होत्या आणि झाडताना ते आड आलं की ती त्याला रोज एक शिवी द्यायची. शेवटी बाबांनी नवा चष्मा केला आणि ‘यातून सगळं वाकडं दिसतं’ अशी कुरकुर अखेरपर्यंत केली.

सकाळी गाडी काकांच्या टेम्पोला दोर बांधून निघाली. स्टिअरिंगवर धाकटा होता.

“ताई, काय हलकी केलीय बाबांनी! एका बोटानं वळते.”

“नाक जरा वर दिसतंय का रे गाडीचं?” थोरलीनं विचारलं.

“ऐट आहे ती,” काकांनी टेम्पोतून सांगितलं.

मैदानात सगळ्या गाड्या बॉनेट वर करून उभ्या होत्या, दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारख्या आ वासून. त्या रांगेत यांचीच तेवढी तोंड मिटून. शेजारी एक लाल गाडी होती. तिचा मालक कानातला मळ काढायच्या काडीनं नटबोल्ट पुसत होता.

“तुमचं झाकण?” त्यानं विचारलं.

“उघडणार आहे,” थोरली म्हणाली.

“कधी?”

“वेळ आली की.”

वेळ आली. परीक्षक आले. पांढरे हातमोजे घातलेले वयस्कर गृहस्थ होते, हातात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा, पण इंजिनाखाली धरायला. लाल गाडीखाली धुळीचा कण सापडल्यावर त्यांनी असा चेहरा केला की मालकानं मान खाली घातली. मग ते इकडे वळले.

“उघडा.”

“साहेब, बाहेरून पाहून काही गुण मिळतील का?” काकांनी विचारून पाहिलं.

“वधूपरीक्षा नाही ही. उघडा, नाहीतर मी पुढे जातो.”

धाकट्यानं रेडिओ फिरवला. वायपर हलला. काकांनी खण ओढला. हॉर्न वाजला. परीक्षक पुढे निघाले. थोरली नुसती उभी राहिली. बाबांच्या हाताखालून गेलेलं ते सगळं हातभर अंतरावर होतं आणि आता ते कुणालाच दिसणार नव्हतं.

आईचे पाय दुखायला लागले होते. ती दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. बऱ्याच वर्षांनी बसली. आणि हात जुन्या सवयीनं वर गेला. ऊन अडवायची फळी तिनं खाली ओढली, तिच्यातल्या छोट्या आरशाचं झाकण सरकवलं आणि विस्कटलेले केस पाहिले.

‘खट्’ असा आवाज झाला. बॉनेट आपोआप, दमानं, एखाद्या संस्थानिकासारखं वर गेलं.



“गाडीत बसलीस की आधी आरसा, असं चिडवायचे मला,” आई आतूनच म्हणाली.

“खटका वहिनींच्या हाताशी बसवला होता त्यानं,” काका म्हणाले.

“मग सांगायचं तरी.”

परीक्षक मागे फिरले होते. ते वाकले. आत दुधासारखा रंग होता. वायर नव्हती, नळी नव्हती, सांधा दिसत नव्हता. कडा अशा घासल्या होत्या की कोपरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. परीक्षकांनी आरसा धरला. आरशात त्यांना फक्त स्वतःचं नाक दिसलं.

“चाळीस वर्षं हे काम करतोय,” ते हळू आवाजात म्हणाले. “इतकी स्वच्छता पाहिली नाही. इंजिन कुठे लपवलंय?”

काका वाकले. धाकटा वाकला. लाल गाडीवाला तर बोलावल्याशिवायच वाकला.

“नाहीच आहे की!” तो म्हणाला.

“बाबा इंजिन काही हरवणार नाहीत,” धाकटा म्हणाला आणि चष्मा आठवून गप्प झाला.

आई गाडीतून उतरली. तिनं त्या मोकळ्या जागेची लांबीरुंदी डोळ्यांनी मापली.

“घरी आहे,” ती म्हणाली. “त्याच्यावर माझ्या कुंड्या आहेत.”

लाल गाडीवाल्यानं हरकत घेतली. परीक्षकांनी खिशातून नियम काढून वाचले, उलट बाजूही वाचली. “बॉनेटखाली टापटीप हवी, एवढंच आहे,” ते म्हणाले. “इंजिन हवं असं कुठे लिहिलेलं नाही. उलट सगळ्यात मोठा पसारा त्याचाच असतो.”

“मग पहिला नंबर?” काकांनी विचारलं.

“दिला असता. पण ते काय आहे?”

अगदी तळाशी, दुधी रंगावर, एक चष्मा होता. एक काडी उघडी, एक मिटलेली. शेवटचा हात फिरवून जवळून पाहायला काढला असेल, ठेवला असेल, आणि मग बॉनेट लावून टाकलं असेल.

परीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं. “उचला तो,” ते थोरलीला म्हणाले. “मी पाहिला नाही असं समजतो.”

थोरलीचा हात आत गेला आणि चष्म्याच्या अलीकडे थांबला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “कामाचा भाग आहे तो.”

“एक गुण जाईल.”

“जाऊ द्या.”

पहिलं बक्षीस लाल गाडीला गेलं, धुळीच्या कणासकट. दुसरं यांना. काकांना ते मान्य नव्हतं आणि ते त्यांनी मैदानातल्या प्रत्येकाला सांगितलं. धाकटा दोर बांधायला लागला. आई फळीवरचं आरशाचं झाकण सरकवून बॉनेट बंद होतं का ते पाहत होती. एकदा झालं, मग तिनं पुन्हा उघडलं, मग पुन्हा बंद केलं.

“आई, बॅटरी संपेल,” धाकटा म्हणाला.

“संपू दे. इंजिन नसलेल्या गाडीला कशाला हवी?”

आईनं पुन्हा उघडल्यावर थोरलीनं चष्मा बाहेर काढला, ओढणीनं पुसला आणि डोळ्यांवर लावून आत पाहिलं. सगळं धूसर दिसलं. डोळे का पुसतेस, असं काकांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की नंबर फार जास्त आहे.