दाढ, घास आणि दंडवत

या मंडळी, जरा सरकून बसा. बुवा अजून पगडी बांधताहेत, तोवर एक गंमत ऐकवतो.

मोहाडीच्या लक्ष्मणरावांचे चारांपैकी दोन हातमाग बंद पडलेले. त्यांच्या कोशाच्या रेशमी शाली बघायला इटलीहून रेन्झो नावाचा व्यापारी आला. त्याला माल पसंत पडला तर माग सुरू, नाहीतर मुलगा कुंदन नागपुरात नोकरीला. दुभाषी म्हणून येणाऱ्या भाचीची, स्वातीची, गाडी शहापूरला पंक्चर. मग आधी जेवण उरकू, असं ठरलं.

"भाषा कायले पाहिजे?" लक्ष्मणराव म्हणाले. "चाळीस वर्षं कीर्तन ऐकून राहिलो. बुवाचा माइक बंद पडला, तरी नुसत्या हातावरून आख्यान समजते मले!"

बेसनाच्या पाटोडीचा पहिला घास खाताच रेन्झोनं गालात बोट रोवून फिरवलं.

"अगाई! दाढ दुखून राहिली याची!" म्हणत लक्ष्मणरावांच्या बायकोनं, शोभाताईंनी, त्याच्या तोंडात लवंग कोंबली.

रेन्झोनं पाचही बोटं जुळवून हात हलवला.

"घास मागून राहिला," लक्ष्मणराव म्हणाले. " पण चावता येत नाही बिचाऱ्याले. भात कालव, अवं!"

कालवलेला भात आला. रेन्झोनं दोन्ही हातांची बोटं जुळवली.

"पाहा, दोन हातानं मागते!"

भाताचा डोंगर झाला. शेवटी त्यानं हात जोडून गदागदा हलवले. लक्ष्मणराव गहिवरले. "किती संस्कारी! अन्नाले दंडवत!" त्यांनीही हात जोडले आणि लाडू वाढला.

तेवढ्यात स्वाती पोचली. रेन्झो तिच्याशी बराच वेळ बोलला.

"मामाजी, गालात बोट म्हणजे चवदार. बोटं जुळवली म्हणजे, हे काय चाललंय? आन हात जोडले ते, दया करा म्हणून!"

लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. त्यांनी शाल उलगडली. रेन्झोनं ती बोटांत धरली, उजेडात पाहिली आणि मान आपल्यासारखी डावीकडे-उजवीकडे डुलवली.

"नाही म्हणते," लक्ष्मणराव पुटपुटले आणि शालीची घडी घालू लागले. "याच्या मुलखात सारंच उलटं."

रेन्झोनं घाबरून बोटं जुळवली. शोभाताई भाताकडे धावल्या.

"थांबा मामीजी!" स्वाती हसून हसून बेजार. "मामाजी, घडी काहून घालता? तो हो म्हणून राहिला! मामीजी हो म्हणताना मान डुलवतात ना, ते पाहून शिकला तो!"

आज चारही माग चालू आहेत. उद्या महाप्रसादाच्या पंगतीत वाढप्याला थांबवता थांबवता हात दुखले, तर मंडळी, त्या रेन्झोचं स्मरण असू द्या.