कानातला पासवर्ड

तलवाड्यात गुप्तता आणली ती मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर हे श्रेय मला कुणी देणार नाही!

मी राजेश्वर. गावात आमचं किराणा दुकान आहे. दोन हजार एक साली पुण्याच्या एका कंपनीची माणसं आली आणि माझ्या दुकानाच्या माळवदावर त्यांनी एक पांढरी छत्री बसवली. खाली साखरेची पोती सरकवून एक कॉम्प्युटर मांडला. गावातला टेलिफोन आठवड्यातून सहा दिवस मेलेला असायचा, म्हणून आमचं इंटरनेट थेट उपग्रहावरून. गेवराईतसुद्धा तेव्हा असली छत्री नव्हती, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं-खोटं बघायला गेवराईला जातंय कोण!

तोवर आमच्या गावात गुपित नावाची वस्तू नव्हतीच. पोस्टमन पोस्टकार्ड हातात देतानाच आतला मजकूर सांगून टाकायचा, वाचता न येणाऱ्यांची सोय म्हणून. एसटीडीवर बोलायचं तर इतकं ओरडावं लागायचं की फोन नसता केला तरी चाललं असतं. मी म्हणालो, आता ते दिवस संपले.

कंपनीच्या इंजिनियरनं मला सगळं समजावून दिलं होतं. पत्र इथून छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे जातं आणि तिथून खाली येतं. खाली येताना ते सबंध देशावर पडतं, पण उघडतं मात्र ज्याच्याजवळ पासवर्ड आहे त्यालाच. तेव्हा पासवर्ड जपा, असं तो चारदा म्हणाला. मला त्यातलं ‘सबंध देशावर पडतं’ एवढंच नीट लक्षात राहिलं.

पासवर्ड म्हणजे काय, हे गल्लीला समजावणं माझ्याकडे आलं. आमची गल्ली सगळी लिंगायतांची. लहानपणी दीक्षा होते, मठातले स्वामी कानात मंत्र सांगतात आणि तो कुणाला सांगायचा नाही हा नेम. घरात नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना विचारत नाहीत. मी म्हणालो, पासवर्ड म्हणजे अगदी तसंच समजा. गुरूनं कानात सांगितल्यासारखा, मेला तरी माणूस बोलणार नाही असा. लोकांना ते लगेच पटलं. माझ्या समजावून सांगण्याचं मलाच कौतुक वाटलं.

दोन महिन्यांत चाळीस गिऱ्हाइकं झाली. प्रत्येकाला मी ‘नाव डॉट तलवाडा’ असं खातं उघडून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली की मी पाठ फिरवून उभा राहायचो. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचंच, की प्रत्येक जण टाइप करण्याआधी मान वर करून भिंतीकडे बघतो. भिंतीवर मठाचं कॅलेंडर होतं, महादेवाच्या चित्राचं. वर मंत्र मराठीत, खाली इंग्रजी अक्षरांत. मला वाटायचं, देवाला नमस्कार करतात. किती भाविक गल्ली आपली, असं मी माझ्या बायकोला, शिवकन्येला म्हणालोसुद्धा. ती तांदूळ निवडता निवडता हसली.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जपायचं गिऱ्हाईक म्हणजे जगदेवीकाकू. समोरच्या कापडदुकानाच्या कल्याणअप्पांची बायको. त्यांचा एकुलता एक मुलगा महांतेश चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला. दुकानावर बसणार नाही, कॉम्प्युटर शिकणार म्हणाला आणि शिकून थेट मस्कतला नोकरीला लागला. ज्या दिवशी तो निघाला, त्या दिवशी कल्याणअप्पा भर गल्लीत म्हणाले होते, “आजपासून माझ्या तोंडून त्याचं नाव निघणार न्हाई. घरातबी कुणी घ्यायचं न्हाई.” अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. चार वर्षं त्या घरात पोराचं नाव निघालं नव्हतं. पत्र आलं असतं तर पोस्टमननं अप्पांनाच वाचून दाखवलं असतं, आणि एसटीडीचा बूथ तर कापडदुकानाच्या अगदी तोंडासमोर!

काकूंनी बहिणीकडून महांतेशचा पत्ता मिळवला आणि एका सकाळी साखर न्यायच्या निमित्तानं आल्या. म्हणाल्या, “राजेश्वर, हे तुमच्या अप्पाला कळलं तर माझं लेकरू परत तुटंल. तू कुणाला बोलणार न्हाईस ना?”

मी दुकानातल्या तराजूला हात लावून शपथ घेतली.

त्या दिवसापासून काकू सांगायच्या आणि मी टाइप करायचो. उत्तर आलं की वाचून दाखवायचो. महांतेशला कावीळ झाली होती तेव्हा काकू साखरेच्या पोत्यावर बसून रडल्या आणि मी उगाच फडताळातल्या काड्यापेट्या मोजत राहिलो. एकदा त्यानं लिहिलं, इथं सगळं मिळतं, पण तुझ्या हातची कारळाची चटणी मिळत नाही. ते वाक्य काकूंनी माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं.

कल्याणअप्पाही गिऱ्हाईक झाले. सुरतेचे साड्यांचे भाव बघायचे म्हणाले. काकू सकाळी येऊन जायच्या, अप्पा दुपारी यायचे. अप्पांचं इंग्रजी चांगलं. त्यांना माझी मदत लागायची नाही. पण साड्यांचे भाव अर्धा-अर्धा तास बघत बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मधूनच डोळे पुसायचे. मी म्हणालो, अप्पा, चष्म्याचा नंबर बदलून घ्या.

आणि आश्विनात एका सकाळी काकू आल्या त्या साखर न घेताच. चेहरा उतरलेला. मला म्हणाल्या, तू शपथ मोडलीस. मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. महांतेशच्या काविळीचं पत्र आलं त्याच आठवड्यात अप्पांनी कारण नसताना महादेवाला अभिषेक घातला होता. तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नाही. पण काल अप्पा गेवराईच्या बाजारातून दोन किलो कारळं घेऊन आले आणि म्हणाले, चटणी कर, टिकंल अशी कर. ज्या माणसानं जन्मात कारळाला हात लावला नाही, त्यानं!

“त्येंला कळलंय,” काकू म्हणाल्या. “आता कवा बोलतील आन कवा बंद पाडतील, एवढंच बाकी हाय. तुझ्याबिगर कुणाला ठावं होतं?”

तुम्हाला सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चोरीचा आळ परवडला, पण काकू माझ्याकडे बघत होत्या तसं कुणी बघू नये. मी बोललो नव्हतो. मग फुटलं कुठून? आणि मला इंजिनियरचं वाक्य आठवलं: सबंध देशावर पडतं!

देशावर पडतं म्हणजे आमच्या गल्लीवरही पडतं. आणि गल्लीत दुसरी छत्री एकच होती, केबलवाल्या भारतची. चांगली आठ फुटी, माझ्या माळवदाला लागून, तोंड माझ्याच छत्रीच्या दिशेला. माझ्या छत्रीत मावली नाहीत ती पत्रं तिच्यात पडत असणार. कल्याणअप्पा भारतकडे पत्ते खेळायला जायचे, म्हणजे सगळं जुळलं. मी इतक्या वेगानं विचार करू शकतो हे मला नवीनच होतं.

रविवारी दुपारी मी शिडी लावली, माळवदावर चढलो आणि भारतची छत्री धरून जरा, म्हणजे वीतभरच, पलीकडे फिरवली.

त्या वीतभरात तलवाड्याचा सिनेमा गेला. शेवटची मारामारी चालू होती. सहाशे घरांतल्या टीव्हीवर मुंग्या आल्या आणि दोनच मिनिटांत गल्लीत माणसं जमली. सगळ्यात पुढे भारत. मी छत्रीला मिठी मारूनच उभा होतो, त्यामुळे नाकबूल व्हायची सोय नव्हती.

“कावून हात लावला बे माझ्या छत्रीला?” भारतनं विचारलं.

मी वरूनच सांगितलं, की ही छत्री माझ्या गिऱ्हाइकांची पत्रं पकडते. कुणाची पत्रं, म्हणाला. ते मी सांगणार नाही, म्हणालो. खाली गर्दीत काकू उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. अप्पाही होते, थोडे लांब. भारत म्हणाला, नाव सांग, नाहीतर उतरू नकोस. आणि त्यानं माझी शिडी काढून घेतली.

माझा जीव गेला तरी नाव सांगायचं नव्हतं. मग मी उलटा जोर केला. म्हणालो, माझ्याकडून फुटणं शक्यच नाही. प्रत्येकाचा पासवर्ड त्याच्या-त्याच्या गुरुमंत्रासारखा आहे. तो त्याच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही!

गर्दीच्या कडेला बायनाबाई बसली होती. गल्लीतली सगळ्यात म्हातारी, ऐकायला कमी, त्यामुळे बोलते मोठ्यानं. तिनं शेजारणीला विचारलं, हा काय म्हणतोय. शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं. तेव्हा बायनाबाई म्हणाली, “येडा हाय का? सामी समद्यांच्या कानात एकच सांगतेत. नमः शिवाय. दुसरं काय सांगणार हायत?”

चाळीस वर्षं ज्यानं-त्यानं एकमेकांपासून जपलेलं गुपित एकच होतं, आणि ते माझ्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर इंग्रजीत छापून टांगलेलं होतं.

मी वर होतो म्हणून मला सगळं दिसत होतं, उपग्रहाला दिसत असेल तसं. आधी सासवांनी सुनांकडे पाहिलं. मग भावानं भावाकडे. मग कुणीतरी दुकानाकडे पळत सुटला आणि त्याच्यामागे सगळे, पासवर्ड बदलायला. कॉम्प्युटर एक आणि माणसं चाळीस! आतून शिवकन्येचा आवाज येत होता, रांगेत या, रांगेत या. भारत तेवढा तिथेच हसत बसला आणि मग आमचं भांडण बघायला कुणी उरलं नाही म्हणून घरी गेला. शिडी घेऊन.

खाली दोघंच उरली. काकू आणि अप्पा. मी वर अडकलोय हे दोघंही विसरले असावेत. मी कानात बोटं घालणार होतो. घातलीही, पण उशिरा.

“तुमी वाचत होते,” काकू म्हणाल्या.

अप्पा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. म्हणाले, “पंचमीपासून. माझं नाव लिहाया गेलो, तर खाली तुझंबी नाव आलं. आपली दीक्षा एकाच दिवशी झालेली. म्हणलं, मंत्रबी तोच असंल, बघावं.”

“मग बोलले कावून न्हाई?”

“बोललो असतो तर तू भिऊन लिवणं बंद केलं असतंस. मग त्याचं मला कोण सांगणार होतं?”

काकूंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. मग हळू विचारलं, की तुम्ही त्याला एकदाही लिहिलं नाहीत?

“लिवाया बसत होतो की. ‘चि.’ लिवायचो. म्होरं नाव लिवावं लागतंय. आन नाव घेणार न्हाई असं तर मीच बोललेलो, भर गल्लीत. तिथंच हात थांबायचा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी कबूल करतो. कानात बोटं असल्यामुळे पुसताही येईना. मी हुंदका दिला, आणि काकूंनी वर पाहिलं. पुढचं अर्धं वाक्य त्या अप्पांना बोलणार होत्या ते मला बोलल्या, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोलताना हसत होत्या. आठवड्याभरानं त्यांच्या नजरेतला माझ्यावरचा आळ उतरला होता, त्यापुढे दोन शिव्या म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून आली, पहिल्यांदाच. काकूंनी झालेलं सगळं महांतेशला लिहायला सांगितलं. पण लिहायच्या आधीच त्याचं पत्र येऊन पडलं होतं. या वेळी अप्पांच्या नावानं. अप्पा स्क्रीनजवळ गेले आणि मागे सरले. मला म्हणाले, तू वाच.

महांतेशही त्याच मठातला आणि तसल्याच कॅलेंडरखाली अभ्यास करून मोठा झालेला. ‘जगदेवी डॉट तलवाडा’ आहे तर ‘कल्याण डॉट तलवाडा’ही असेल, असं त्याला वाटलं होतं. उघडून पाहिलं तर आत अकरा न पाठवलेली पत्रं. सगळ्यांत ‘चि.’ एवढंच.

मी वाचलं: “अप्पा, तुमची अकराही पत्रं पोचली. उत्तर एकच देतो. दिवाळीला येतोय.”

धनत्रयोदशीला महांतेश बसमधून उतरला. सगळी गल्ली बघत होती, की आता अप्पा काय करतात, शब्द मोडतात की काय. अप्पा पुढे झाले, त्याच्या हातातली बॅग घेतली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “चिरंजीव आले.” नाव काही निघालं नाही. माणूस शब्दाचा पक्का. कारळाच्या चटणीचा डबा काकूंनी त्याला तिथं रस्त्यातच उघडून दिला.

मी आता सगळ्यांना बजावलंय, मंत्र मंत्राच्या जागी आणि पासवर्ड पासवर्डच्या जागी. मठाचं कॅलेंडर मी मानानं देवघरात नेऊन लावलं. भिंतीवर खिळा रिकामा दिसायला लागला म्हणून तिथं सरकीच्या बियाण्याचं कॅलेंडर टांगलं, इंग्रजी अक्षरं मोठी असलेलं. गिऱ्हाईक आलं की मी पूर्वीसारखाच पाठ फिरवतो. गल्लीला त्या बियाण्यावरही बरीच भक्ती दिसते.

काल माझाही पासवर्ड बदलायला बसलो. शिवकन्या मागे तांदूळ निवडत होती. ती एवढंच म्हणाली, “कॅलेंडरकडं बघू नका.”

मी मान खाली घातली. मान आधीच वर गेलेली होती.