उलट्या आंब्याची गोधडी

"ज्या घरात एक भी जुनी साडी नाही, ते काय घर आहे का?" पलंगाखालची पेटी ओढता ओढता दुर्गेश्वरी करवादली.

हुकुमचंद दारात बसून बशीतला चहा फुंकत होता. "होत्या ना जुन्या साड्या. मागच्या महिन्यात भांडेवालीले तूच देल्ल्या. तो गंज नाही का घेतला?"

गंजाचं नाव नको त्या वेळी निघालं. घरातल्या झाडून साऱ्या जुन्या साड्या, पोलकी, हुकुमचंदची दोन धोतरं आणि एक बरा असलेला पायजमा देऊन तिने भांडेवालीशी तासभर भांडून तो स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, मिळवला होता. गंज खरंच देखणा होता. फक्त तो घरातल्या कुठल्याच शेगडीवर बसत नव्हता, म्हणून सध्या त्यात कांदे ठेवले होते.

आणि आता कामठ्याच्या महिला बचत गटाने समाजभवनात गोधड्यांचं प्रदर्शन ठरवलं होतं. अट एकच. गोधडी घरच्या जुन्या सुती कपड्यांची आणि हाताने शिवलेली पाहिजे. तसं पाहिलं तर दुर्गेश्वरीला कोणी विचारलंही नव्हतं. पण गटाच्या बैठकीत दुसऱ्या बायका नावं देऊ लागल्या, तशी हिची जीभ वळवळली. "मी तं माझ्या मायच्या हाताखाली शिकली. माझी गोधडी पाहान तं पाहातच राहान!" मायच्या हाताखाली ती काय शिकली होती म्हणाल, तर सुईत दोरा ओवायला. मायची नजर कमजोर झाली होती आणि हिची चांगली होती, एवढाच तो गुरुकुलाचा वास. पण बोललेलं तोंडात परत घालता येत नाही.

पेटी उघडली. आत आहेराच्या साड्या होत्या.

आहेराच्या साडीचा जन्म नेसण्यासाठी नसतोच मुळी. ती लग्नात मिळते, पेटीत राहते आणि दुसऱ्याच्या बारशाला निघून जाते. घडीसुद्धा मोडायची नसते. सांभाळायचं ते एवढंच, की जिने दिली तिच्याच घरी ती परत जाऊ नये. त्यासाठी बायका पदराला गाठी मारतात, नवऱ्याला विचारतात. दुर्गेश्वरीला असल्या भानगडींची गरज नव्हती. "माझ्या डोक्यात सारं पक्कं आहे," ती म्हणायची. भांडेवालीला दिलेल्या पायजम्यात हुकुमचंदच्या मोटरसायकलची चावी होती, हे त्या पक्क्या डोक्यात नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

सुती साड्या मोजक्याच निघाल्या. एक मोरपंखी होती, काठावर आंब्यांची ओळ असलेली. त्यातला एक आंबा विणताना उलटा झाला होता, देठ खाली आणि टोक वर. तो पाहून दुर्गेश्वरीला कुठेतरी ओळख पटल्यासारखी झाली.

"हे रामलाल मामाच्या घरची," तिने निकाल दिला. "आता ते लोक रायपूरले राह्यते. कोन पाहाले येते?" आणि कात्री चालवली. उलट्या आंब्याचा तुकडा तिला भारी आवडला. तो तिने बरोबर मधोमध ठेवला.

आतल्या थरात हुकुमचंदला ठिकठिकाणी सत्कारात मिळालेले दुपट्टे गेले. "माझी सारी इज्जत तू आत भरून राहिली," तो म्हणाला. पण खरी अडचण अस्तराची होती. मागच्या बाजूला एक सलग साडी पाहिजे आणि पेटीत अख्खी सुती साडी एकच उरली होती. गुलाबी. ती लेकीच्या, प्रेरणाच्या साक्षगंधात तिच्या होणाऱ्या सासूने, तिरोड्याच्या अनुसयाबाईंनी, स्वतःच्या हाताने दुर्गेश्वरीच्या ओटीत घातली होती.

दुर्गेश्वरी तिच्याकडे बराच वेळ पाहत बसली. पाप आहे हे तिला कळत होतं. पण शेजारच्या बायकांच्या गोधड्या अर्ध्याच्या वर झाल्या होत्या आणि आपली जीभ चार बायकांत गहाण पडली होती. "गोधडीची पाठ कोन पाह्यते?" ती स्वतःशीच म्हणाली आणि टाका घातला.

गोधडी झाली. टाके म्हणजे चिखलातून बदक चालून गेल्यासारखे. पण त्याहून मोठी पंचाईत म्हणजे ती कोरी करकरीत दिसत होती. मग दुर्गेश्वरीने ती सोड्याच्या पाण्यात घातली, दगडावर आपटली, गच्चीवर उन्हात टाकली आणि पुन्हा आपटली.

"लोक जुन्याले नवं करते," हुकुमचंद म्हणाला, "तू नव्याले जुनं करून राहिली. आपल्याकडं उलटंच चालते."

त्याच दुपारी प्रेरणा म्हणाली, "आई, हळदीला तू ती गुलाबी साडी नेस ना, सासूबाईंनी दिलेली. त्यांना किती बरं वाटेल!" दुर्गेश्वरीने घाईघाईने भाताचा मोठा घास तोंडात कोंबला. हळद पुढच्याच महिन्यात होती. तो घास खाली उतरतो न उतरतो, तोच शेजारची मंजू, म्हणजे गटाची अध्यक्ष, हसत हसत दारात आली.

"खूशखबर आहे वं! प्रदर्शनाची पाहुणी ठरली. तुझी विहीनबाई! त्यायले गोधडीचं लय समजते म्हणे. मी म्हटलं, तुले आनंद होईन."

"लय झाला," दुर्गेश्वरी कशीबशी म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी समाजभवनात सगळ्या गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या होत्या. बायका पुढून पाहत, मागे जात, पाठीवरचे टाके बोटांनी तपासत. गोधडीची पाठ कोणी पाहत नाही म्हणे! गोधडीची पाठच पाहतात, हे त्या हॉलमध्ये फक्त एकीलाच माहीत नव्हतं. तिने घाईघाईने आपली गोधडी दोरीवरून काढली आणि भिंतीला चिकटवून खिळ्यांना बांधली. "इथं वारा लागते, उडून जाईन," असं ती प्रत्येकीला सांगत होती. वाऱ्याचा पत्ता नव्हता. पंखेसुद्धा बंद होते.

अनुसयाबाई आल्या, नारळ फुटला, भाषण झालं आणि त्या पहिल्या ओळीपासून गोधड्या पाहू लागल्या. त्या जसजशा जवळ येत होत्या, तसतशी दुर्गेश्वरी पाठीने भिंतीला चिकटत होती. एका साडीपायी पोरीची सोयरीक मोडली तर? लोक काय म्हणतील? मायच्या तोंडाने पोरीचं घर बसलं म्हणतील. आणि खरंच म्हणतील, तिला वाटलं. अशा तोंडाला टाके घालायला पाहिजे होते, तेही आपल्यासारखे विरळ नाहीत, चांगले घट्ट!

पण तोफ निघाली भलतीकडूनच.

"अव माय!" मंजू गोधडीसमोर येऊन ओरडली. "हा उलटा आंबा! दुर्गेश्वरी, हे तं मी तुले वास्तूत देल्लेली साडी आहे! कोरी साडी फाडली तू? माझा आहेर एवढा खराब होता का वं?"

दुर्गेश्वरीच्या डोक्यातले रामलाल मामा त्याच क्षणी रायपूरहून निघून गेले. "नाही वं मंजू... म्हणजे मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"कायचा गोंधळ आहे इथं?" चंद्रावतीबाई पुढे आल्या आणि बायका आपोआप बाजूला झाल्या. ही दुर्गेश्वरीची मोठी नणंद. लग्नाच्या खरेदीसाठी ती अर्जुनी मोरगावहून सकाळच्या गाडीने आली होती. प्रेरणाची सोयरीक हिनेच जमवली होती, म्हणून दोन्ही घरं हिला वचकून असत. बाईचा आहेर भारी असायचा आणि दिल्यावर वर्षभर ती विचारत राहायची, "नेसली का? काऊन नाही नेसली?"

तिने चष्मा सावरला, आंबा पाहिला आणि विचार करण्याच्या आत बोलून गेली, "हा आंबा तं मी देल्ला होता! मंजू, तुले, तुझ्या गुड्डूच्या बारशाले! तू इले देऊन टाकली?"

मंजूचा चेहरा उतरला. पण अध्यक्ष झालेली बाई अशी हार मानत नाही. "आन तुमी कोठून आनली होती, बाई?"

चंद्रावतीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग त्यांनी हळूच दुर्गेश्वरीकडे पाहिलं.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन हुकुमचंद गर्दीत डोकावला. त्याला प्रसंगाची कल्पना नव्हती. "अरे, हा आंबा!" तो खूश होऊन म्हणाला. "अव, हे तं तूच घेतली होती ना, गोंदियाच्या बजारात! घरी आल्यावर आंबा उलटा निंगाला, दुकानदार वापस घेत नव्हता. मंग तू म्हटलं, जाऊ द्या, चंद्राबाईच्या पोराच्या लग्नात देऊन टाकू, त्यायले काय समजते!"

आणि त्याने समाधानाने चहाचा भुरका मारला, तो साऱ्या हॉलने ऐकला.

भिंत फाटावी आणि आपण आत जावं असं दुर्गेश्वरीला वाटलं. मग एकाएकी तिलाच हसू फुटलं. काय पण डोकं देवाने दिलंय! आपलीच साडी, आपणच दुसऱ्याची म्हणून फाडली! "माझ्या डोक्यात सारं पक्कं आहे वं," ती डोळे पुसत म्हणाली, "फक्त ते बाहेर निंगत नाही!"

पहिल्यांदा अनुसयाबाई हसल्या. हसता हसता त्यांना खुर्ची द्यावी लागली. "म्हणजे साडी माहेरीच आली म्हनान!" त्या म्हणाल्या, आणि मग सारा हॉल हसला. चंद्रावतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या कमरेवर हात ठेवून गोधडीत आणखी काही सापडतं का ते पाहत होत्या.

"विहीनबाई," अनुसयाबाई उठल्या, "लग्नात मले आहेराची साडी नोका देऊ. हे गोधडी द्या. हे तरी कोनाले पुढं देता येत नाही. आमी पांघरू."

दुर्गेश्वरीला भरून आलं. एवढं चांगलं माणूस पोरीला मिळालं! आणि दुसऱ्याच क्षणी तिला अस्तर आठवलं.

"आता नोका ना, विहीनबाई! मी धुवून आनून देतो. मळली आहे. वारा लागते..."

पण अनुसयाबाईंनी एक दोरी सोडलीसुद्धा. गोधडीचा कोपरा खाली लोंबला आणि उलटला. गुलाबी.

अनुसयाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी तो कोपरा हातात घेतला, काठ चाचपला आणि दुर्गेश्वरीकडे पाहिलं. दुर्गेश्वरीने डोळे मिटून घेतले. झालं. गेली सोयरीक.

"मागचे टाके पाहू द्या जरा," पाठीमागून चंद्रावतीबाईंचा आवाज आला.

अनुसयाबाईंनी झटकन कोपरा आत दाबला आणि दुर्गेश्वरीच्या कानाशी तोंड नेलं. "दाखवू नोका! हे मले चंद्राबाईनंच देल्ली होती, आमच्या वास्तूत. मी तं भेवूनच राहिली होती, तुमी हळदीत नेसान आन त्या ओळखतीन म्हणून. लय बरं केलं, फाडली!"

दुर्गेश्वरीने डोळे उघडले. मग दोघी विहिणींनी एकेक बाजू धरली, चार टोकं जुळवली आणि गुलाबी बाजू आत घालून, कोणी काही म्हणायच्या आत गोधडीची घट्ट घडी केली. लग्न ठरल्यापासून दोन्ही घरांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

"काऊन? काय लपवून राहिल्या?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"काही नाही, चंद्राबाई," अनुसयाबाई गोधडी काखेत मारत म्हणाल्या. "मागून टाके इतके बारीक आहेत, का नजर लागन."

दुर्गेश्वरीच्या टाक्यांची एवढी तारीफ कोणी कधी केली नव्हती. आणि कोणी गोधडी उघडून पाहू नये, एवढीच आता तिची इच्छा होती.