शाप माझ्या नावावर

लोक तिकिटं जमवतात, जुनी नाणी जमवतात. आमचे भामरे सर शाप जमवायचे.

नव्वदच्या दशकात त्र्यंबकेश्वरला गेलं की कोणीतरी हातात पत्रक कोंबायचं. असंच छापून वाटा, भलं होईल. फाडाल तर घरावर संकट. आता, आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. वडील फुलं विकायचे, मी गणित शिकवतो, आणि हे मी छाती काढून सांगतो. पण पदवीनं भीती जाते असं कुठं लिहिलंय? पत्रक आठवडाभर माझ्या खिशात असायचं. शेवटी स्टाफरूममध्ये भामरे सर हात पुढं करायचे. "आणा इकडं. शाप माझ्या नावावर." आणि त्याच कागदावर भेळ घेऊन खायचे.

सर मूळचे नामपूरचे, विषय भूगोल. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा पंधरा दिवसांचा कोर्स केलेले तेच एकटे, म्हणून लॅब त्यांच्या गळ्यात पडली. पुस्तकात होतं टायपिंग. सर शिकवायचे संशय. पडद्यावर काहीही दिसलं की अहिराणीत गरजायचे, "हाई खरं शे का? कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं?"

एकदा सायबर कॅफेत बसून ते दहावीच्या पोरांशी 'पुण्याची पिंकी' होऊन चॅटिंग करत राहिले. दुसऱ्या दिवशी मिशीवरून हात फिरवत वर्गात आले.

"मी पिंकी. काल ज्यांनी मला घरचा फोन नंबर दिला, त्यांनी उभं राहा."

मागचे बाक उभे राहिले. एकजण खाली बघत म्हणाला, "सर, मी पत्तापण दिला."

पत्रकांच्या जागी ईमेल आले, तेव्हा सरांनी फळ्यावर आपला ईमेल लिहिला. "'सात जणांना पाठवा, नाहीतर बघा' असं काही आलं की घाबरून गावभर वाटू नका. फक्त मला पाठवा." शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत ते लॅबमध्ये बसून एकेकाला उत्तर लिहायचे: शाप मिळाला, जेवून घे.

मुख्याध्यापिका वैतागल्या. "सर, ही लॅब आहे की स्मशान?"

"मॅडम, स्मशानात एवढी गर्दी नसते."

आठवीतल्या वैशालीनं असाच एक मेल त्यांना पाठवला. साखळी तोडणाऱ्याच्या घरातलं माणूस जाईल, असं त्यात होतं. त्याच आठवड्यात सरांच्या बायको, म्हणजे आमच्या शेजारच्या काकू, पोळ्या लाटता लाटता गेल्या.

वैशाली शाळेत येईना.

तेरावा झाला आणि सर मला म्हणाले, "स्कूटर काढा."

वैशालीचे वडील अंबडला कंपनीत गेले होते. आईनं दार उघडलं. "जेवतच नाही हो, सर. म्हणते, काकूंना मी मारलं."

पोरगी आतल्या खोलीतून बाहेर येईना. सर दाराच्या पडद्यापुढं जमिनीवर बसले आणि पडद्याशीच बोलायला लागले.

"वैशाली, काकूचं हृदय कधीपासूनच खराब होतं गं. डॉक्टरनी सांगून ठेवलं होतं. तुझा मेल तर आत्ताचा."

आतून बारीक आवाज आला. "शप्पथ, सर?"

"शप्पथ."

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. आईनं तिथंच ताट वाढलं. पहिला घास पोटात जाईपर्यंत सर हलले नाहीत.

काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गावाकडून आलेली कांद्याची गोणी एकटीनं दुसऱ्या मजल्यावर चढवली होती. डॉक्टरचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा सर मागच्या सीटवरून म्हणाले, "तसं असतं तर बरं झालं असतं. दुखणं माहीत असतं, तर मी रोज संध्याकाळी घरी गेलो असतो."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी स्कूटर कडेला घेऊन उभी केली.