लॅनीच्या बदल्यात

केटल लेक हे आमचं गाव कॅनडाच्या उत्तर भागात निकेलच्या खाणींशेजारी आहे आणि गावाचा आइस हॉकीचा संघ हरतो. यातली पहिली गोष्ट भूगोलाची आणि दुसरी धोरणाची. पूर्वी आम्ही दुसरीलाही नशीब समजत होतो. ग्रेडी वॉसबर्ग संघाचे व्यवस्थापक म्हणून आले आणि त्यांनी आमचा हा गैरसमज दूर केला.

ग्रेडी दक्षिणेतल्या मोठ्या शहरातून आले होते. पहिल्याच जाहीर सभेत त्यांनी सांगितलं की संघाची पुनर्बांधणी करायची आहे. आमच्या लीगचा नियम असा आहे की मोसमात जो संघ शेवटचा येतो त्याला उन्हाळ्यात, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नव्या मुलांमधून, सर्वांत आधी निवड करायला मिळते. थोडक्यात, सर्वांत चांगला मुलगा सर्वांत वाईट संघाला. तेव्हा चांगलं व्हायचं तर आधी नीट वाईट व्हायला हवं, आणि अर्धवट वाईट होऊन उपयोग नाही. मधल्या क्रमांकावर लोंबकळणाऱ्या संघांना भवितव्य नसतं, असं ग्रेडी म्हणाले. सभेला आलेले बहुतेक लोक खाणीत काम करणारे. खूप खोल उतरल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे त्यांना पटलं.

ऑरेस्ट कोस्तिनिकला मात्र पटलं नाही.

ऑरेस्ट म्हणजे गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा माणूस. धंदा वडलांपासून चालत आलेला. कामाच्या वेळी तो इतका शांत बोलायचा की रडणाऱ्या माणसाला आपल्याच आवाजाची लाज वाटावी. पण रिंकवर, बर्फाच्या मैदानाच्या काचेमागे उभा राहिला की त्याची गर्जना समोरच्या गोलरक्षकापर्यंत पोचायची. गावात अशी रीत होती की पुरुष गेला की त्याला शवपेटीत संघाचा निळा स्वेटर घालत. ग्रेडींच्या दुसऱ्या मोसमानंतर ही मागणी हळूहळू बंद झाली. घरचे लोक खालच्या आवाजात साध्या कोटाची विचारणा करू लागले. ऑरेस्टचं म्हणणं, मेलेल्या माणसालाही काही स्वाभिमान असतो.

सुरुवातीला ग्रेडींनी संघातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू दुसऱ्या संघाला दिला आणि त्याच्या बदल्यात पुढल्या वर्षीच्या दोन निवडी, म्हणजे त्या संघाचे निवड करायचे हक्क, घेतल्या. गोल करणारा माणूस असताना शेवटचं येणं अवघड, हे उघडच होतं. मग गोलरक्षक गेला, कारण तो फार गोल अडवत होता. त्याच्या जागी आलेला तरुण अतिशय नम्र होता. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्या दिशेने आली की तो किंचित बाजूला होई. संघ शेवटचा आला, पहिली निवड मिळाली आणि खरोखरच एक विलक्षण मुलगा आमच्याकडे आला. नाताळपर्यंत तो एवढे गोल करू लागला की संघ शेवटून दुसरा झाला. ग्रेडींनी तातडीने त्याला विकून आणखी तीन निवडी मिळवल्या. मुलगा गुणी आहे, पण वेळेआधी फुलला, असं त्यांनी खेदाने सांगितलं.

आम्ही हे सगळं रिंकबाहेर, कॉफीच्या दुकानात, बर्फ उपसताना एकमेकांना सांगून शिव्या घालत होतो आणि पुढच्या मोसमाची तिकिटं काढत होतो. ऑरेस्टने एवढ्यावर भागवलं नाही. समर्थकांच्या वार्षिक सभेत तो उठून उभा राहिला. ग्रेडींचं नुकतंच सांगून झालं होतं की जिंकण्याची खिडकी अजून उघडलेली नाही, घाई करू नये.

"खिडकीचं राहू द्या," ऑरेस्ट म्हणाला. "तुम्ही पुढचं दार सताड उघडं ठेवलंय. जो धड चालू शकतो तो त्यातून बाहेर जातोय आणि आत नुसता वारा येतोय. मी माणसं पुरायचं काम करतो, साहेब. पण मी आधी ती मरायची वाट बघतो."

टाळ्या थांबेनात. आम्हाला वाटलं, आता ग्रेडींची धडगत नाही. ग्रेडीही टाळ्या वाजवत होते. त्यांनी भर सभेत ऑरेस्टचा हात हातात घेतला, असाच निर्भीड आवाज व्यवस्थापनाला हवा होता असं जाहीर केलं आणि त्याला खेळाडू नियोजन समितीवर समर्थकांचा प्रतिनिधी म्हणून घेतलं.

ऑरेस्टला छातीवर नाव विणलेलं जॅकेट मिळालं. शिवाय रिंकच्या दारालगत गाडी लावायची जागा मिळाली, आणि त्या जागेला इंजिन गोठू नये म्हणून गाडी जोडून ठेवायचा विजेचा खांब होता. उणे पस्तीस अंशांत बाकीचे लोक सामना संपल्यावर गाडी सुरू होईल की नाही या विवंचनेत शेवटची दहा मिनिटं घालवत. ऑरेस्टला आता संघाचा पराभव शेवटपर्यंत निवांत बघता येऊ लागला.

समितीच्या पहिल्या बैठकीत तो ओरडला, असं तो स्वतः सांगायचा. दुसऱ्या बैठकीत त्याने प्रश्न विचारले आणि सगळ्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले. कोणी लक्षपूर्वक ऐकतंय म्हटल्यावर माणूस जरा सावध बोलतो. तिसऱ्या बैठकीनंतर त्याने आम्हाला कॉफीच्या दुकानात समजावलं की बाहेरून दिसतं तितकं हे सोपं नाही. तो खेळाडूंना 'मालमत्ता' म्हणू लागला. ओकच्या लाकडाची पेटी मागणाऱ्या एका विधवेला त्याने भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका असं सांगितलं, आणि ती बाई आमच्या शेजारी बसून अर्धा तास रडली.

त्याची बायको दारिया हे सगळं बघत होती. तिने त्याला एकदाच विचारलं की समितीत तू त्यांना बदलायला गेलास ना. तो म्हणाला, प्रक्रिया आतून समजून घ्यावी लागते. दारियाने त्यावर सूप वाढलं.

एव्हाना संघात आम्हाला नावानिशी माहीत असलेला एकच खेळाडू उरला होता, कर्णधार लॅनी ओयाला. बचावपटू. गावातच जन्मलेला, गावच्याच तळ्यावर स्केटिंग शिकलेला, तिशी ओलांडलेला. संघ कितीही गोलांनी मागे असला तरी लॅनी अंगावर येणाऱ्या पकसमोर आडवा पडायचा. लोक सामना बघायला येत ते खरं तर लॅनीला बघायला. शिवाय तो ऑरेस्टचा जावई होता. मुलगी रोक्सी आणि तो दोन गल्ल्या सोडून राहत, आणि रोक्सीला सातवा महिना लागला होता.

समितीपुढे लॅनीला दुसऱ्या संघाला देण्याचा विषय आला तेव्हा ग्रेडींनी फार सभ्यपणा दाखवला. ते म्हणाले, तुम्हाला या चर्चेतून बाहेर राहायचं असेल तर कोणी काही म्हणणार नाही, शेवटी घरचा मामला आहे. सगळे ऑरेस्टकडे बघू लागले. त्या क्षणी उठून बाहेर जाणं म्हणजे आपण अजून काचेमागे ओरडणारेच आहोत असं कबूल करणं होतं. त्याने चष्मा पुसला. लॅनीचं वय वाढतंय, किंमत दर महिन्याला उतरतेय आणि त्याच्यामुळे संघ अधूनमधून जिंकतो, हे सगळं त्याला पाठ होतं. तो बसून राहिला आणि त्याने हात वर केला. बैठक संपल्यावर ग्रेडींनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. असा तटस्थ माणूस आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले. ही वाहवा ऑरेस्टने आम्हाला पुढे बऱ्याचदा ऐकवली.

रविवारी मुलगी-जावई नेहमीसारखे जेवायला आले. दारियाने होलुब्त्सी, म्हणजे सारण भरलेले कोबीचे गुंडाळे, केले होते, पानं लॅनीला आवडतात तशी मऊ शिजवून. ऑरेस्ट जेवणानंतर बोलायचं ठरवून बसला होता, पण लॅनीचा फोन आधी वाजला. तो पडवीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या केसांवर बर्फ होतं. आपल्याला पश्चिमेला, पार डोंगरापलीकडच्या संघाला दिलं आहे आणि परवा तिथे हजर व्हायचं आहे, एवढं सांगून तो खुर्चीत बसला.

रोक्सीने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग वडलांकडे.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"समितीचं एकमत होतं," ऑरेस्ट म्हणाला.

दारियाने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं.

"त्याच्या बदल्यात काय मिळालं?" रोक्सीने विचारलं.

"निवड. दुसऱ्या फेरीतली. पाच वर्षांनंतरची."

"म्हणजे कोण?"

"ते आत्ता कसं सांगणार? अजून लहान असेल तो. सातवी-आठवीत वगैरे."

"म्हणजे कुठल्याशा सातवीतल्या पोरासाठी माझं बाळ तिकडे परक्या गावात जन्माला येणार."

ऑरेस्टने तिला भावना बाजूला ठेवून बघायला सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, हे कुठे बाजूला ठेवू. लॅनीने ताटातलं सगळं संपवलं, ताट धुऊन जागेवर ठेवलं, सासूला मिठी मारली आणि बायकोचा कोट आणायला गेला. सासऱ्याशी तो एक शब्द वाईट बोलला नाही. ऑरेस्टच्या मते यावरून लॅनीलाही निर्णय पटला होता.

पुढच्या महिन्यात दारिया मुलीच्या बाळंतपणासाठी पश्चिमेला गेली आणि बाळ झाल्यावर परत येण्याबद्दल काही बोलली नाही. नातू झाला होता. ऑरेस्टने तो फोनच्या पडद्यावर पाहिला. फोन दारियाने धरलेला असायचा आणि ती बाळाचं तोंड दाखवून झालं की काही न बोलता बंद करायची. ऑरेस्ट संध्याकाळी डब्यातलं सूप गरम करून खायचा आणि सामना असेल त्या दिवशी रिंकवर जाऊन गाडी खांबाला जोडायचा. लॅनी गेल्यावर संघाने हरण्यात मोठीच मजल मारली. लोक ऑरेस्टला काचेजवळ उभं राहू देईनात. एकाने त्याच्या जॅकेटवर कॉफी ओतली आणि हात घसरला असं सांगितलं.

तो खचला होता, हे आम्हाला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

मग वसंताच्या बैठकीत ग्रेडींनी जाहीर केलं की लॅनीच्या बदल्यात मिळालेली निवडही त्यांनी देऊन टाकली आहे. ऑरेस्ट वर्षभराने पहिल्यांदा ओरडला. ज्याच्यापायी मुलगी गेली, बायको गेली, तो कोण कुठला पोरगा तरी निदान या गावात येऊन खेळू दे, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज फाटला. समितीतले लोक खाली बघू लागले. ग्रेडींनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे सांगितलं की या व्यवहारात आपला तोटा नाही. दुसऱ्या फेरीच्या जागी पहिल्या फेरीतली निवड मिळाली आहे, फक्त थोडी पुढची.

किती पुढची, असं ऑरेस्टने विचारलं. ग्रेडींनी साल सांगितलं.

ऑरेस्टने बोटांवर हिशेब केला. त्या उन्हाळ्यात निवडीला येणारी मुलं आत्ता रांगत असणार होती. तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो कॉफीच्या दुकानात आला तेव्हा आम्ही जागा करून द्यायला तयार नव्हतो. तो उभ्यानेच बोलू लागला. नातवाचं मनगट बापासारखं रुंद आहे. परवा त्याने पलंगाच्या कडेवर पाय असा टेकवला की जन्मजात बचावपटूच. लॅनीचं पोर ते, पकसमोर आडवं पडणार म्हणजे पडणार. आणि लॅनीच्या बदल्यात मिळालेल्या निवडीतून लॅनीचाच मुलगा केटल लेकला आला, तर रोक्सी येईल, दारिया येईल, सगळी मंडळी परत येतील. फक्त एवढंच, की दुसऱ्या कुणी त्याला आधी उचलता कामा नये. त्यासाठी त्या वर्षी आपण शेवटचे हवेत. आणि ऐनवेळी शेवटचं येणं जमत नसतं, त्याला सराव लागतो. मध्येच जिंकायची चटक लागली की संपलं.

आमच्यातल्या एकाने विचारलं, म्हणजे तोवर हरतच राहायचं का.

"तुझ्या धाकट्या मुलीला मुलगा झाला ना?" ऑरेस्ट म्हणाला. "किती महिन्यांचा आहे?"

 त्या माणसाने बाकावर सरकून ऑरेस्टला जागा दिली.

यंदाच्या वार्षिक सभेत ग्रेडींचा करार त्या उन्हाळ्यापर्यंत वाढवावा, अशी सूचना ऑरेस्टने मांडली. ती टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाली. परवाच्या सामन्यात आम्ही नऊ गोल खाल्ले. नववा गोल झाला तेव्हा ऑरेस्ट काचेमागे उभा राहून पहिल्यासारखा गरजला, फक्त आनंदाने, आणि त्याच्या आसपास बरेच आजी-आजोबा होते.

बाहेरगावचे लोक आम्हाला हसतात. इतका उघड गैरकारभार तुम्ही खपवून घेता कसा, असं विचारतात. मी अलीकडे उत्तर देत नाही, उलट एक चौकशी करतो. तुम्हालाही तीच करतो. तुमच्या घरी रांगतं कोण आहे?